विजेच्या चुलीतली ओल

सोमवार, ८ जुलै १९५७

गेल्या आठवड्यात भैय्याजींनी विजेची चूल माझ्या गळ्यात मारली. ते आमच्या अध्यापक विद्यालयाचे चिटणीस. बोलतात मऊ आणि काम टाकतात जड. "केशवराव, तुम्ही विज्ञान शिकवता. हे तुमचंच खातं," एवढं म्हणाले आणि खादीच्या रुमालाने हात पुसत निघून गेले.

चूल कामठीच्या लष्करी मेसमधली आहे. गोरे गेल्यापासून कुठल्याशा गुदामात पडून होती. गावातल्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठजींनी ती आमच्या छात्रालयाला दान केली. लोखंडी धूड, कमरेइतकं उंच. वर चार चकत्या, खाली पाव भाजायची पेटी. पेटी उघडली तर आतून दहा वर्षांच्या शिळ्या चरबीचा भपकारा आला, आणि तळाला वाळून चामडं झालेली पाल चिकटलेली दिसली. मला दुपारचं जेवण गेलं नाही.

तीन दिवस सोडा आणि राख लावून ती खरवडली. त्यात काय काय शिजलं असेल या विचाराने अक्काने पंचगव्य शिंपडून मगच तिला स्वयंपाकघरात घेतलं. मी हसलो, पण तिला करू दिलं. अक्का माझी थोरली बहीण. छात्रालयात तिला शकुंतलाबाई म्हणतात. सतराव्या वर्षी विधवा झाली, देवळीत चार घरच्या पोळ्या लाटल्या आणि मला नागपूरला बी.एस्सी. केलं. दोन वर्षांपूर्वी मीच शब्द टाकून तिला इथे मुख्य स्वयंपाकीण म्हणून आणलं. माझ्याच क्वार्टरमध्ये राहते. तिच्या कुठल्याही गोष्टीला मी नाही म्हणत नाही.

सोमवार, १५ जुलै

जिजाबाई आज कामावर आल्या. सिंदी मेघेच्या राहणाऱ्या. गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन त्यांच्या घराने बौद्ध दीक्षा घेतली. कार्यकारिणीने ठराव केला आहे की विजेच्या चुलीचं काम त्यांच्याकडे द्यायचं: सकाळी सहाला बटणं लावायची, आधण ठेवायचं, भात-वरणाची पातेली चढवायची-उतरवायची, दुपारी सगळं पुसून दोनला घरी. पोळ्या आणि संध्याकाळची खिचडी अक्काकडे, लाकडाच्या चुलीवर.

भैय्याजींनी स्वयंपाकघराच्या दारात भाषण केलं. चाळीस मिनिटं. आमचे चाळीस भावी शिक्षक ऐकत होते. "आजपासून या घरात विटाळ हा शब्द मेला," असं ते म्हणाले. तेवढा वेळ जिजाबाई डोक्यावरचा पदर सांभाळत वांग्यांची टोपली हातात धरून उभ्या. टोपली खाली ठेवा, असं त्यांना कोणी म्हटलं नाही. भाषण संपल्यावर एका वांग्यातून अळी निघाली आणि भैय्याजींच्या चपलेवर पडली. दिवसातला तेवढाच क्षण बरा गेला.

अक्काची मला धास्ती होती. पण ती एवढंच म्हणाली, "ये बाई. पाणी त्या कोपऱ्यात आहे." चेहरा शांत. मला बरं वाटलं. विटाळ हा शब्द माझ्याही मनात येऊन गेला होता, ते इथे लिहून ठेवतो. पण ते मी कोणाला दिसू दिलं नाही, म्हणजे नव्हतंच असं धरायला हरकत नाही.

गुरुवार, १८ जुलै

जिजाबाई म्हणाल्या, "गुरुजी, चूल चावून राह्यली."

मी हात लावला. खरंच, कोपरापर्यंत मुंग्या. वीजघराचे वायरमन रामाजी यांना बोलावलं. त्यांनी तोंडातला तंबाखूचा खर्रा आमच्या तुळशीच्या बुडाशी थुंकला (मला शिसारी आली) आणि चुलीला जाड तांब्याची तार लावून ती मागच्या खड्ड्यात कोळसा-मिठात पुरली.

"आतमंदी ओल हाये, गुरुजी. ओलीतून वीज लोखंडात उतरते. आता हे तार काहाडू नका बरं. वीज हिच्या वाटेनं जमिनीत जाईन. हे नसन तं मानसाच्या आंगातून जाईन."

मी म्हटलं, मी विज्ञान शिकवतो, रामाजी.

"म्हून तं सांगून राह्यलो," ते म्हणाले.

मंगळवार, २३ जुलै

तार लावल्यापासून मुंग्या गेल्या, पण जवळजवळ रोज सकाळी फ्यूज जातो. भात अर्धा कच्चा राहतो. चाळीस जण ताटं वाजवतात. हे उद्या गावोगावी मुलांना शिस्त शिकवणार.

आज चुलीचं मागचं झाकण उघडलं. ते दृश्य मी विसरणार नाही. उष्णता अडवायला घातलेली अ‍ॅस्बेस्टॉसची गादी ओल्या पावासारखी फुगलेली. पितळी स्क्रूंवर हिरवी, ओलसर पूड. चकत्यांच्या फटींतून पिवळट ओघळ उतरून वाळलेले. आणि वास. मुताचा, दुसरा शब्द नाही. चूल लावल्यावर तो वास तापून वर येतो आणि वरणाच्या वाफेत मिसळतो. मुलं परवापासून वरणाला वास येतो म्हणून ओरडत होती. मी त्यांना घरच्या लाडावलेल्या जिभा म्हणून हिणवलं होतं.

उंदीर. दुसरं काय असणार? मागच्या बाजूला उंदीर मुतत असणार.

बाहेर जाऊन ओकलो. अक्काने लिंबू-मीठ दिलं, पाठीवरून हात फिरवला. "तुझं पोट लहानपणापासून नाजूक," म्हणाली.

शनिवार, २७ जुलै

चार पिंजरे लावले. एक उंदीर सापडला नाही. लेंडी नाही, कुरतडल्याची खूण नाही. छप्पर तपासलं: गळत नाही. भिंतीला ओल नाही. भाताच्या वाफेचं पाणी आत उतरतं का म्हणून दिवसभर पातेल्यांवर आरसा धरून बसलो. वाफ सगळी वर जाते.

रामाजींनी वीजघरातून ओल मोजायची पेटी आठ दिवसांसाठी आणून दिली. हाताने दांडा फिरवायचा; काटा वर चढला तर आतलं कोरडं, खाली पडला तर ओल. दुपारी एकला, चूल तापून गार झाल्यावर, काटा छान वर. संध्याकाळी पाचला परत पाहिलं तर तळाला. म्हणजे एक ते पाचमध्ये पाणी शिरतं. त्या वेळात मी वर्गावर असतो आणि जिजाबाई दोनला गेल्या की स्वयंपाकघराला कुलूप. किल्ली अक्काच्या कमरेला, त्यामुळे बाहेरचं कोणी येणं शक्य नाही.

शुक्रवार, २ ऑगस्ट

उलगडलं.

सहा दिवसांचे आकडे समोर मांडून बसलो होतो. रविवारी जिजाबाईंची सुटी: रविवारी पाचला काटा वर, सोमवारी फ्यूज गेला नाही. बुधवारी त्यांच्या मुलीला ताप होता म्हणून आल्या नाहीत: बुधवारी पाचला काटा वर, गुरुवारी फ्यूज गेला नाही. बाकी प्रत्येक दिवशी काटा खाली. जिजाबाई असतात तेव्हा ओल, नसतात तेव्हा कोरडं. इतका स्वच्छ निकाल मला प्रयोगशाळेतही कधी मिळाला नव्हता.

बाई पुसताना फडकं पिळत नसणार. वर पाणी साचून राहतं आणि दुपारभर हळूहळू आत मुरतं. वासाचं कारण फडकं. कुजक्या फडक्याला असाच वास येतो.

अक्काला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "असेल बाबा. मी तिला काही बोलायची नाही. आपल्याकडून कोणाला दुखवायला नको."

किती बदलली आहे ही.

बुधवार, ७ ऑगस्ट

जिजाबाईंना फडकं घट्ट पिळायला बजावलं. "पिळतोच ना, गुरुजी," म्हणाल्या आणि माझ्यासमोर पिळून दाखवलं. समोर सगळेच पिळतात. त्या आणखी काही बोलणार होत्या असं वाटलं, पण माझा तास होता.

आज पुन्हा फ्यूज, पुन्हा कच्चा भात. भैय्याजींचा निरोप आला: पंधरा ऑगस्टला शेठजी जेवायला येणार, चूल चालली पाहिजे. शेवटी मी रामाजींची तांब्याची तार तात्पुरती सोडवून ठेवली. वीज जमिनीत जायला वाट नाही, म्हणजे फ्यूजही जाणार नाही. हाताला थोड्या मुंग्या येतील तेवढ्याच. सवय होते. रविवारी चूल अक्का सांभाळते, तिला तर कधीच काही झालं नाही. ती सोवळ्याच्या लाकडी पाटावर उभी राहून काम करते.

मंगळवार, १३ ऑगस्ट

जिजाबाई भाजल्या.

सकाळी सव्वासातला. फरशी नुकतीच धुतलेली, पाय ओले. वरणाचं पातेलं उतरवायला एक हात पातेल्याला, दुसरा चुलीच्या कडेला. मी दातण करत होतो, ओरडणं ऐकून धावलो. त्या मागे फेकल्या गेल्या होत्या आणि पातेलं त्यांच्या उजव्या हातावर उपडं. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी वर आली होती, तिला डाळ चिकटली होती. एक जण डाळ पुसायला गेला आणि कातडीच फडक्याबरोबर निघाली. मला पाहवलं नाही. मी तोंड फिरवलं.

अक्का कोरफडीचा गर घेऊन आली. जिजाबाईंना तिने हात पुढे करायला सांगितला आणि वरून गर सोडला, हळूहळू, सगळीकडे पसरेल असा. कोणाचाही जीव कळवळावा असं ते होतं. जिजाबाई हाताकडे पाहत नव्हत्या, अक्काकडे पाहत होत्या.

त्यांचे यजमान हरिदास प्रेसमधल्या कामावरून आले आणि बैलांच्या रेंगीत घालून त्यांना घेऊन गेले.

गडबड निवल्यावर मी मागे जाऊन तार परत जोडली.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

काल झेंडावंदन, शेठजी, भाषण. अपघाताचा उल्लेख नाही. जेवणानंतर भैय्याजींनी मला बाजूला घेतलं. "लेखी अहवाल द्या, केशवराव. शास्त्रीय."

दिला. आकड्यांचा तक्ता जोडला. शेवटचं वाक्य असं: "सदर बाईंच्या हातून पाण्याच्या वापरात वारंवार होणारी हयगय हेच चुलीतील ओलीचे व पर्यायाने अपघाताचे कारण होय." तक्ता खरा आहे. तारेबद्दल लिहिलं नाही. ती तात्पुरती गोष्ट होती, आणि ओल नसती तर तारेचा प्रश्नच आला नसता.

जिजाबाईंना कामावरून कमी केलं.

शनिवार, २४ ऑगस्ट

आठ दिवस चूल ठणठणीत कोरडी. नवी बाई, गावातल्याच एका जोश्यांची सून, नीट काम करते. वास गेला. मुलं वरण मागून घेतात. भैय्याजींनी सभेत माझ्या शास्त्रीय दृष्टीचं कौतुक केलं. बोलताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात पानाचा लाल फेस साठतो आणि फुटत नाही. मी सगळा वेळ त्या फेसाकडेच पाहत होतो.

मंगळवार, ३ सप्टेंबर

क्रमाने लिहितो.

आज नागपूरहून पाहुणे आले होते, आमचं सर्वजातीय स्वयंपाकघर पाहायला. आता तिथे सर्व जाती उरल्या नव्हत्या. म्हणून भैय्याजींनी काल सिंदी मेघेला निरोप धाडून जिजाबाईंना एका दिवसासाठी बोलावून घेतलं. आणि त्या आल्या. त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात काम मिळण्यासारखं आहे, तिथून संस्थेकडे विचारणा झाली आहे, आणि चांगला शेरा भैय्याजींच्या हातात आहे. उजव्या हाताची पट्टी पदराखाली झाकून त्या चुलीजवळ उभ्या राहिल्या. पाहुण्यांनी विचारलं, इथे कसं वाटतं? त्या म्हणाल्या, "बरं वाटते." पाहुण्यांनी वहीत लिहून घेतलं. मग सगळे गेले, जिजाबाईही गेल्या.

तीनच्या सुमारास माझा तास मोकळा होता. पक्कड स्वयंपाकघरात राहिली म्हणून मागच्या दाराने गेलो. कुलूप नव्हतं, कडी आतून नीट लागली नव्हती. ढकललं.

अक्का चुलीपुढे पाटावर उभी होती. हातात देवघरातला तांब्या. त्यातून ती चकत्यांवर धार सोडत होती, एकेका फटीत, घाई न करता. लहान मुलाला न्हाऊ घालावं तशी. तुळशीच्या पानाने कडा शिंपल्या. मग दुसऱ्या लोट्यातलं साधं पाणी ओतलं आणि पुसून घेतलं. तो वास दारापर्यंत आला. जो वास मी महिनाभर उंदरांना आणि फडक्यांना चिकटवत होतो.

गोमूत्र.

"अक्का, हे काय करतेस?"

ती दचकली नाही. "तिने हात लावला ना आज. उद्या चाळीस जणांचं शिजायचंय यावर."

"रोज करत होतीस?"

"ती येत होती तेव्हा रोज. आता नाही लागत." तांब्या विसळत ती पुढे म्हणाली, "तुला कशाला सांगायचं? तुम्ही लोकांनी ठराव केला, मी मोडला का? तिला कधी वाकडा शब्द बोलले का? विचार तिला."

"अक्का, त्या पाण्याने तिचा हात गेला."

"पाण्याने लोखंडाला काय होतं? आणि मी पाणी नाही घालत, शुद्ध करते." मग माझा चेहरा पाहून तिचा आवाज उतरला. "त्या चुलीवरचा पहिला घास तू खातोस, केशव. मुलांचं मला काय? तुझ्यासाठी करत होते."

मी पक्कड न घेताच बाहेर आलो.

बुधवार, ४ सप्टेंबर

काल संध्याकाळपासून काही खाल्लं नाही. अक्काने तीनदा ताट वाढलं, तीनदा झाकून ठेवलं. तिच्या हाताकडे पाहिलं की धार दिसते. याच हाताने तिने मला भरवलं, आणि लोकांच्या घरची पीठं मळून मला शिकवलं. तरी मला तिची किळस येते, आणि तशी येते म्हणून स्वतःची येते.

आणखी एक लिहायचं आहे. पहिल्या दिवशी झाकण उघडलं तेव्हाच मी तो वास ओळखला होता. शब्दाने नाही, पण ओळखला होता. देवळीच्या घरात मुंजीपासून तो वास माझ्या नाकात आहे. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला उंदराचं मूत आणि गोमूत्र यांतला फरक कळू नये? मी बाहेर जाऊन ओकलो ते वासाने नाही. ओळखल्याने. आणि मग चार पिंजरे लावले.

रविवार, ८ सप्टेंबर

सायकलने सिंदी मेघेला गेलो. जिजाबाईंचं घर वस्तीच्या टोकाला, सारवलेलं. माझ्या क्वार्टरपेक्षा स्वच्छ. हरिदास दारातच बसले होते. त्यांनी खाट दाखवली नाही, मी उभाच राहिलो. जिजाबाई बाहेर आल्या. हाताची दोन बोटं वळत नाहीत.

मी सांगितलं: चुलीत पाणी तुम्ही नाही, माझी बहीण टाकत होती. मला मंगळवारी कळलं.

जिजाबाई म्हणाल्या, "मले तं पहिल्या आठवड्यातच मालूम झालतं."

"कसं?"

"रोज सकाळी चुलीवर तुळशीचं पान भेटे. अन् वास का मले येत नाई का, गुरुजी? आमच्या घरी बी गाय होती."

"मग सांगितलं का नाही?"

त्या जराशा हसल्या. त्यापेक्षा शिवी दिली असती तर चाललं असतं. "कोनाले सांगू? थे तुमची बहीण. तुमी उंदराले पिंजरे लावले, छप्पर पाह्यलं, आरसा घेऊन बसले. चुलीले ईचारलं, भिंतीले ईचारलं. मले काऊन नाई ईचारलं?"

हरिदास जमिनीकडे पाहून म्हणाले, "दवाखान्यातून नकार आला काल. तुमच्या चिटनीसानं तुमचाच कागद पाठवला तेथी. हयगय करते म्हने हे. आता जेथी जाईन तेथी थोच कागद पुढं येईन."

"काम नाई पायजे मले तुमच्या तेथचं," जिजाबाई म्हणाल्या. "तो कागद खोडून द्या."

देतो म्हणालो. तरी तिथेच उभा राहिलो. का, ते सायकलवर बसल्यावर कळलं. मी वाट पाहत होतो की त्या पाणी विचारतील. मग मी ते घटाघटा पिईन, सगळ्यांसमोर. मनात पूर्ण चित्र तयार होतं. त्यांनी पाणी विचारलं नाही.

आणि तारेचं मी बोललो नाही.

सोमवार, ९ सप्टेंबर

भैय्याजींनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटून. मग म्हणाले, "केशवराव, वृत्ती बदलायला वेळ लागतो. शकुंतलाबाईंचं वय पाहा. संस्थेचं नाव पाहा. नागपूरचे पाहुणे किती छान लिहून गेलेत. आपण असं करू. ओलीचं कारण: पावसाळी हवा. कोणाचाच दोष नाही. जिजाबाईंना बागेत घेऊ, झाडांना पाणी घालायला."

झाडांना पाणी घालायला. हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

त्यांनी कागद पुढे केला. मजकूर तयार होता, टाइप केलेला. मी येणार हे त्यांना ठाऊक होतं की काय? मी सही केली. लिहून ठेवतो: सही केली. त्यांनी पाठ थोपटली, आणि त्या हाताचा दमट स्पर्श सदऱ्यातून आत आला. घरी येऊन सदरा धुवायला टाकला. मग स्वतःच नळाखाली बसलो.

गुरुवार, १२ सप्टेंबर

दवाखान्याला द्यायचं पत्र तीन दिवसांत तीन वेळा लिहून फाडलं. आज पहाटे चौथ्यांदा लिहिलं ते ठेवलं. अक्काला वाचून दाखवलं, तिचं नाव त्यात आहे म्हणून. ती ऐकत होती, भाकरी थापत. शेवटी म्हणाली, "म्हणजे मी गुन्हेगार."

"मी पण, अक्का."

"तुझं वेगळं. तू पुरुष आहेस, शिकलेला आहेस, तुला माफ करतील." थोड्या वेळाने म्हणाली, "मी देवळीला जाते." मी थांब म्हणालो नाही. जा असंही म्हणालो नाही. तिने तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती. अक्काच्या हातची करपलेली भाकरी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

सिंदी मेघेला जाऊन जिजाबाई आणि हरिदास यांना दवाखान्यात यायचा निरोप दिला आणि पुढे सेवाग्रामला गेलो. ते दोघे मागून पायी आले. मेट्रनबाई चष्म्यातून पाहणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. मी पत्र पुढे केलं आणि सांगितलं की संस्थेच्या आधीच्या अहवालातलं माझं म्हणणं खोटं आहे, आणि पावसाळी हवेचा कागद आला तर तोही खोटा आहे.

त्यांनी पत्र अर्धं वाचलं, घडी केली आणि मला परत दिलं. "या बाईंना वाचता येतं?"

जिजाबाईंनी मान हलवून नाही म्हटलं.

"त्यांच्याविषयी तुम्ही आधी जे लिहिलंत ते त्यांना दुसऱ्यांकडून कळलं. हे तुम्ही वाचा. मोठ्याने."

माझी तशी तयारी नव्हती. पत्र देऊन निघून यायचं, एवढंच मी ठरवलं होतं. वाचायला लागलो. बहिणीचा भाग आला, जिजाबाई दाराकडे पाहत होत्या. त्यांना ते ठाऊकच होतं. मग पुढचा परिच्छेद आला. "चुलीस सुरक्षेसाठी जोडलेली तांब्याची तार ७ ऑगस्ट रोजी मी स्वतः काढली. वायरमनने तसे न करण्याबद्दल स्पष्ट बजावले होते. तार जागेवर असती तर बाईंना धक्का बसला नसता. अपघातानंतर मी ती कोणाच्या नकळत परत जोडली."

शेवटचं वाक्य मी घाईने वाचलं. परत वाचावं लागलं.

जिजाबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "थे तार तुमी काहाडलती?"

"हो."

"काऊन?"

"भात कच्चा राहत होता."

हरिदास उठून उभे राहिले. जिजाबाईंनी डाव्या हाताने त्यांचं धोतर धरलं आणि ते परत खाली बसले. खोलीत फिनेलचा वास होता. मी पत्र मेजावर ठेवलं. मेट्रनबाईंनी ते फाईलला टाचलं आणि जिजाबाईंना बोटं वळवून दाखवायला सांगितली. दोन वळली नाहीत.

"वजन उचलायचं काम देता येणार नाही. पट्ट्या उकळून घड्या करायच्या खोलीत एक जागा आहे. जमेल?"

"शिकीन," जिजाबाई म्हणाल्या. "कवापासून येऊ?"

"सोमवारी."

त्या उठल्या. मी दाराशी उभा होतो, त्यांना वाट द्यायला मागे सरकलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खोलीला पलीकडून, वॉर्डाच्या बाजूला, दुसरं दार होतं. त्या तिकडून गेल्या.